एका वेटोळ्याची मोटर

राजवाड्याच्या गिरणीची मोटर जळली आणि गणू तांबटावर नोकरी गमवायची पाळी आली. संस्थानच्या मोटरींना तार भरायचं काम गणूकडे होतं. पण त्याचे हात थरथरू लागल्यापासून त्याची लेक ठकूच ते करत असे.

कोंढवळचे रणधवल महाराज त्या महिन्यात काटकसरीच्या नादी लागले होते. काटकसर अर्थात इतरांची. महाराजांच्या ताटातला मुरंबा जिथल्या तिथे होता. नगारा वाजवणारा आणि तोफ उडवणारा मात्र 'दोन पळं काम करून दिवसभर बसून खातात' म्हणून घरी गेले होते. दिवाणजी प्रत्येक हुकमाला "वा, काय दूरदृष्टी!" म्हणत.

ठकू जळकी तार उपसत होती, तिथे महाराज आले.

"एका मोटरीत दोन वेटोळी कशाला?"

"सरकार, हे जाड तारेचं, रनिंगचं. ते मोटर चालती ठेवतं. हे बारीक तारेचं, स्टार्टिंगचं. पहिला हिसका देतं आणि वेग आला की बंद होतं."

"म्हणजे दोन पळं काम आणि मग आराम? ते भरूच नकोस."

"त्याच्यावाचून चाक हलायचं नाही, सरकार."

"प्रत्येक कामचुकार हेच सांगतो. उद्या भर दरबारात मोटर एकाच वेटोळ्यावर फिरली पाहिजे. आणि लबाडी नको. माझ्या एकाही नोकराचा हात चाकाला लागता कामा नये. नाही फिरली, तर तुझ्या बापालाही नारळ."

"वा, काय दूरदृष्टी!" दिवाणजी म्हणाले.

गणूने घरी जाऊन भांडीकुंडी बांधायला घेतली. "मोटर तारेनं फिरते पोरी, हुकमानं नाही."

"तार मी भरते, बाबा. हुकमाचं उद्या बघू," ठकू म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दरबारात तिने बटण दाबलं. मोटर गुरगुरली. चाक तसूभरही हललं नाही.

"हरलीस," दिवाणजी म्हणाले.

"रनिंगचं काम चालू आहे. नुसता पहिला हिसका हवाय. दिवाणसाहेब, आपण देता का?"

"मी? मी महाराजांचा नम्र सेवक!"

"म्हणजे नोकरच. मग आपला हात चालायचा नाही. इथे असलेले सगळेच, मीसुद्धा, सरकारचे नोकर. कुणाचाच नोकर नाही असा माणूस या दरबारात एकच."

साऱ्या माना सिंहासनाकडे वळल्या. महाराजांचा चेहरा तांबडा झाला. मोटर गुरगुरतच होती, आता तिला जळका वासही येऊ लागला.

"लवकर, सरकार. जळतंय ते तांबं आपलंच आहे."

महाराज तणतणत खाली उतरले, चाकाला हिसका दिला, आणि मोटर भरारा फिरू लागली. त्यांना मौज वाटली. ते पुन्हा हात पुढे करणार, तोच ठकू म्हणाली,

"झालं सरकार, आपलं दोन पळांचं काम. आता खुशाल बसून घ्या. रनिंगला आम्ही आहोतच."

दिवाणजींना दूरदृष्टीही आठवेना. महाराजांनी फिरत्या चाकाकडे पाहिलं, रिकाम्या सिंहासनाकडे पाहिलं, आणि पागोटं कलेपर्यंत हसले.

"दिवाणजी, काढलेल्या सगळ्यांना परत बोलवा. माझीच जात आहे ती. आणि गणूची जागा आजपासून या पोरीच्या नावे करा. गणूला घरबसल्या पूर्ण पगार."

"आणि ही मोटर, सरकार?" ठकूने विचारलं.

"उघड, आणि स्टार्टिंगचं वेटोळं भर. रोज दळणाला यायला मला कुठली सवड?"