सानशोचे किती दाणे?

"पण एका वाडग्याला किती दाणे, तेवढं तरी सांगा!" विश्रामने तिसऱ्यांदा विचारलं.

म्योशिन तांदूळ निवडत राहिल्या.

जपानातल्या कीई डोंगरातल्या एका लहानशा बौद्ध मठात त्या राहत. वय ऐंशीच्या पुढे. अंगणात सानशोचं एकच काटेरी झाड. सानशो म्हणजे जपानी मिरी. या झाडाची मिरी कधी बाजारात गेली नव्हती, म्हणून तिची ख्याती मोठी.

विश्राम तांडेल मूळचा मालवणचा. गेली अकरा वर्षं ओसाकातल्या एका बड्या हॉटेलात होता आणि आता तिथला मुख्य आचारी. जपानी सफाईने बोलायचा, पण या म्हातारीला पाहिल्यापासून मनात एकच हाक येत होती, माई.

"माई, मला सगळं ठाऊक आहे," तो म्हणाला. "वसंतात कोवळं पान तळहातावर ठेवून टाळी मारायची, म्हणजे वास जागा होतो. मग ते बांबूच्या कोंबावर ठेवायचं. हिरवे दाणे सोया सॉसमध्ये आटवायचे. फळ सुकलं की काळी बी फेकायची, टरफल कुटायचं आणि भाजलेल्या वाम माशावर भुरभुरायचं. आमच्याकडे याचं भावंडच आहे, तिरफळ. बांगड्याच्या कढीत घालतात."

"मग विचारायला का आलास?"

"प्रमाणासाठी."

म्योशिन उठल्या. फळीवरचा डबा काढून त्यांनी दोन टरफलं त्याच्या हातावर ठेवली.

"वास कसा आहे?"

विश्रामने डोळे मिटून हुंगलं. "वा! लिंबाच्या सालीसारखा. अगदी ताजा."

"डब्याच्या तळाशी राहिलं होतं ते. पाच वर्षं झाली. वास कधीच उडाला."

...

विश्रामने मूठ मिटली.

"केव्हापासून?" म्योशिननी विचारलं.

"चार महिने झाले. ताप आला होता. ताप उतरला, पण वास गेला, चवही गेली." त्याने मुठीतली टरफलं चुरगाळली. "हॉटेलात कुणाला सांगितलं नाही. आठवणीवर रांधतो. मोजून, मापून... रोज वाटतं, आज पकडला जाईन."

पायात चपला सरकवून म्योशिन अंगणात गेल्या. तोही मागोमाग गेला. काटे चुकवत त्यांनी एक हिरवा दाणा खुडला.

"चाव."

त्याने चावला. काही नाही. नेहमीसारखंच, काहीच नाही...

मग जिभेचं टोक थरथरलं. ओठ झिणझिणले. मुंग्यांची रांग जिभेवरून चालत जावी तसं काहीतरी टाळूपर्यंत गेलं, आणि तोंडाला पाणी सुटलं.

"चव आली?"

"नाही." तो हसत होता आणि डोळेही भरले होते. "चव नाही. पण तोंड आहे, माई! माझं तोंड आहे अजून!"

त्यांनी मूठभर दाणे खुडून त्याच्या ओंजळीत टाकले आणि चुलीकडे बोट दाखवलं. चुलीवर टोफूचं सार उकळत होतं.

"घाल."

तो पातेल्यासमोर उभा राहिला. किती, हे विचारायला तोंड उघडलं आणि मिटलं. चार दाणे टाकले. थांबला. आणखी तीन टाकले. सवयीने पळी ओठांना लावली. गरम लागलं, एवढंच.

वाडगा भरून त्याने म्योशिनसमोर ठेवला आणि गुडघे टेकून बसला. इतकी वर्षं त्याने वाडगे पुढे केले होते आणि पाठ फिरवून निघून गेला होता. लोक काय म्हणतील, हे त्याला आधीच ठाऊक असायचं.

म्योशिननी घोट घेतला. दुसरा घेतला. तो त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहिला. भुवई हलली का? ओठ आवळले का? माणूस जेवताना इतकं काही दिसतं, हे त्याला नवीन होतं.

"कसं झालंय, माई?"

हा प्रश्न त्याने आजवर कुणाला विचारलाच नव्हता.

"दाणे जास्त झालेत. उद्या कमी घाल."

"उद्या..." त्याने वाडग्याकडे बघितलं. "पण उद्या तरी मला कसं कळणार, कमी झालं की जास्त?"

म्योशिननी वाडगा तोंडाला लावला. तळाचा शेवटचा थेंबही संपवला.

"मी आहे ना जेवायला."