दोन जागा

"किती वेळ लागला म्हणालास?"

"अर्धा सेकंद, आक्का!" विराज ऐटीत म्हणाला.

सगुणाआक्का म्हणजे आमच्या मठातल्या वैद्य. नजर अधू झाली, म्हणून त्या सांगायच्या आणि मी लॅपटॉपवर साध्या फाइलमध्ये औषधांची यादी टाइप करायचो. चार वर्षं. एका ओळीत औषध, खालच्या ओळीत दोन जागा सोडून त्याचं पथ्य. यादी वाचल्याशिवाय औषध द्यायचं नाही, हा मठाचा नेम.

विराज शिकायला आला आणि आठव्या दिवशी म्हणाला, "काय गबाळी यादी आहे ही!" एका आज्ञेत त्याने ओळींच्या सुरुवातीच्या मोकळ्या जागा उडवल्या, ओळी अकारविल्हे लावल्या, आकडे घातले. वर जुन्याच फाइलवर सेव्ह केली. शहाणा!

"त्र्याहत्तरावी वाच."

"गरोदर बाईला देऊ नये."

"काय देऊ नये?"

विराजने वरची ओळ पाहिली. 'गरम पाण्यातून द्यावं.' त्याने खालची पाहिली...

आक्का चाचपडत ओसरीवर गेल्या. तिथे आत बसलेल्या माणसांच्या चपला होत्या. त्यांनी सगळ्या डाव्या एकीकडे केल्या, सगळ्या उजव्या दुसरीकडे, लहानीपासून मोठीपर्यंत.

माणसं बाहेर आली आणि एकच गलका झाला. "अगं, ही माझी नव्हे!" विराज खो खो हसला.

मग हसायचा थांबला.

"ते आपापल्या शोधतील," आक्का म्हणाल्या. "तुझी ओळ कोण शोधणार?"

"मी." त्याचे कान लाल झाले होते. "तुम्ही सांगा, मी एकेक हाताने बसवतो."

"चारशे बारा ओळी आहेत, बाळा."

"असू देत."

आक्कांनी औषधाच्या खोलीला कुलूप घातलं. दोन कोस चालत आलेल्या म्हातारीला रिकाम्या हाताने परत जावं लागलं. मला विराजचा असा राग आला म्हणून सांगू!

दोन दिवस तो जागचा हलला नाही. आक्का सांगत, तो लिही, मोठ्याने वाचून दाखवी, आक्का "हं" म्हणाल्या की पुढची.

तिसऱ्या सकाळी ओसरी माणसांनी भरली होती.

"झाली," विराज म्हणाला. "औषधाखाली दोन जागा, मग पथ्य. आणि एक प्रत वेगळी ठेवलीय."

आक्कांनी किल्ली त्याच्यापुढे धरली.

मला राहवलं नाही. "आक्का, याच्या हातात?"

"दार ज्याच्यामुळे बंद झालं, त्यानेच उघडायचं."