पंधरावा अर्ज

“पत्र कधी देता, भंते?”

अश्वजित गजभियेने हे त्या सकाळी तिसऱ्यांदा विचारलं. विहाराच्या ओट्यावर भंते सुमनतिस्स आपलं भिक्षापात्र पुसत बसले होते. त्यांनी वर पाहिलं, आणि पुन्हा पुसायला लागले.

अश्वजितला परदेशातल्या एका विद्यापीठात प्रवेश मिळाला होता. तलावातल्या माशांवर संशोधन, दोन वर्षं. जागा सोमवारपर्यंत राखलेली. तोवर पैशांची सोय झाली नाही, तर ती दुसऱ्याला जाणार. मदतीसाठी चौदा ठिकाणी अर्ज केले होते, चौदाही ठिकाणी नकार. उरला नागपूरचा एक ट्रस्ट. त्याची बैठक उद्या दहाला. तिथले अध्यक्ष भंतेंचा शब्द खाली पडू देत नाहीत, हे अख्ख्या तालुक्याला ठाऊक होतं.

“चार ओळी लिहा फक्त. मुलगा हुशार आहे म्हणा. आहेच मी.”

“आहेस.”

“मग?”

“कशासाठी चाललास?”

अश्वजितने पिशवीतून अर्ज काढला. एकोणीस पानं, स्पायरल बाइंडिंग केलेली.

“यात सगळं आहे.”

भंते वाचायला बसले. एकही पान सोडलं नाही. अश्वजित मोबाइलवर वेळ बघत होता. पाऊण तास गेला.

“वाचलं,” भंते म्हणाले. “कशासाठी चाललास?”

आता माणूस चिडेल नाही तर काय करेल? ही हकिकत मला अश्वजितनेच सांगितली, आणि सांगताना या ठिकाणी त्याने पुन्हा कपाळावर हात मारून घेतला.

“भंते, तुम्ही वीस वर्षं कॉलेजात रसायनशास्त्र शिकवलंत! ‘गोड्या पाण्याच्या परिसंस्थांमधील स्थानिक मत्स्यविविधतेच्या ऱ्हासाचे बहुस्तरीय विश्लेषण.’ यातलं काय कळलं नाही तुम्हाला?”

“सगळं कळलं.”

“मग लिहा ना!”

...

“पिंडपाताची वेळ झाली,” भंते उठले. “चल.”

पिंडपात म्हणजे पात्र घेऊन दारोदार जायचं. मागायचं मात्र नाही. दारासमोर गप्प उभं राहायचं, कोणी वाढलं तर घ्यायचं, नाही तर पुढे जायचं.

पहिल्या घरून भात मिळाला. दुसऱ्या घराचं दार बंद होतं आणि आत टीव्ही मोठ्याने चालला होता. भंते थोडा वेळ उभे राहिले, मग निघाले.

“आत आहेत ते लोक!” अश्वजित म्हणाला. “हाक तरी मारा.”

“पुढे घर आहे.”

“तुमचं ठीक आहे, तुम्हाला पुढे घर आहे. माझी चौदा दारं संपली. एक म्हणतो वय जास्त, दुसरा म्हणतो विषय यादीत बसत नाही. तिसऱ्याने तर पोचसुद्धा दिली नाही. एका बाईंनी फोनवर विचारलं, ‘तुम्ही मासे मोजता म्हणजे नेमकं काय करता?’ असल्या लोकांच्या हातात पैसे! गाढवाला गुळाची चव काय?”

“मग काय सांगितलंस?”

“कोणाला?”

“फोनवरच्या बाईंना.”

“पान सात वाचा म्हटलं.”

दोघं तलावाच्या पाळीवर आले. तिथे पार्बताबाई ढिवरिणीची झोपडी होती. बाई टोपलीतले मासे निवडत होती. भंतेंना पाहून तिने हात धुतले, आतून भात आणि वरण आणून पात्रात वाढलं.

“हा कोन जी?”

“गजभियेंचा अश्वजित. शिकायला परदेशात चालला.”

“आँ! काय शिकते रे बापू?”

“लिम्नॉलॉजी.”

“म्हंजे?”

“राहू द्या, माय. तुम्हाला नाही समजणार. लंबं काम आहे.”

भंतेंनी अश्वजितच्या हातातला अर्ज घेतला आणि पार्बताबाईसमोर धरला. तिने चार पानं उलटसुलट करून पाहिली.

“एका बाजूनं कोराच हाय. मासोऱ्या बांधाले बरा होईन.”

अश्वजितने अर्ज हिसकावून घेतला. त्याचे कान लाल झाले होते.

“भंते, थट्टा चालवली का माझी? उद्या दहाला बैठक आहे!”

भंतेंनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

“पार्बताबाई, तलावात आता कोणते मासे निघतात?”

“कोनते म्हंजे?” बाई भडकलीच. “एकच निघते! बाहेरून बी आनून सोडलं ना, थोच. मी लगन होऊन आली तवा एका टोपल्यात धा जातीच्या मासोऱ्या राहत. मरळ राहे, शिंगूर राहे, डाडक राहे. माह्या सुनेनं डाडक डोयानं पाह्यला नाही. नाव घेतलं तं हासते मले. पान्यात गवत होतं तवा गवतात अंडे राहत. आता गवतच नाही, तं मासोरीनं अंडे ठेवाव कोठी? का गवताचं नाहीच, पान्यातच काही जहर झालं? म्हाताऱ्याले इचारलं, सरपंचाले इचारलं, थो मच्छीवाला साहेब आल्ता त्याले इचारलं. सारे माना हालवते न् जाते. अरे, कोनी तरी येऊन पाहा ना बाप्पा! डाडक गेला कोठी?”

...

अश्वजितने हातातल्या अर्जाकडे पाहिलं.

“पान अकरा,” तो हळूच म्हणाला.

“काय?” भंतेंनी विचारलं.

“त्या बोलल्या ते... पान अकरा ते सोळा. गवत, अंडी, पाण्याची तपासणी. हेच तर लिहिलं आहे मी, भंते! हेच शोधायला चाललो.”

“दाखव.”

अश्वजितने पान अकरा उघडलं. मग बारा. मग भराभरा मागे आणि पुढे. तक्ते होते, आलेख होते, लॅटिन नावं होती, दीडशे संदर्भ होते. एकोणीस पानांत डाडक एकदाही आला नव्हता. पार्बताबाईचा तलाव कोणत्या जिल्ह्यात आहे, हेसुद्धा एका तळटिपेत होतं.

त्याने अर्ज मिटला. लाज वाटली आणि लाजेचाच पुन्हा राग आला.

“बरं, चुकलं असेल माझं. पण आता वेळ नाही, भंते. तुम्ही पत्र द्या, बाकीचं मी नंतर बघतो.”

“मी नाही देणार.”

“नाही देणार?”

“नाही.”

“सकाळपासून फिरवलंत मला!” अश्वजितचा आवाज पाळीवरून पार तलावात गेला. “तुम्ही नाही, तर मग कोण देणार पत्र?”

भंतेंनी हनुवटीने पार्बताबाईकडे खूण केली. ती पुन्हा मासे निवडायला बसली होती.

“या?” अश्वजितला रडावं की हसावं कळेना. “अहो भंते, त्यांना लिहिता येत नाही!”

भंतेंनी पात्रावर झाकण ठेवलं.

“त्यांना लिहिता येत नाही, तुला सांगता येत नाही. बसा दोघं.”