पन्हळीतल्या घड्याचा शाप

एका राज्यात एक बातमी पसरली होती, तीही अर्धीच. पाणवठ्यावर निघाली आणि पाणवठ्यावरच अडकली. "राघोजीनं राजवाड्याच्या पन्हळीतल्या सोन्याच्या घड्याला हात घातला, आणि तेवढ्यात त्याचा…" इथवर अनसूया कासारीण आली, आणि समोरून राघोजीची बायको येसूच कळशी घेऊन आली. अनसूयेने पुढचे शब्द गिळले. बाकीच्या बायका खाली मान घालून भराभर कळशा घासू लागल्या.

"त्याचा काय, अनसाबाई?" येसूने विचारले.

"कुठं काय गं, येसूवहिनी! पाणी भर आधी."

येसूने पाणी भरले नाही. तिचा नवरा राजवाड्याची कौले शाकारायचा. चार दिवसांपूर्वी तो छपरावर चढला, तो अजून उतरला नव्हता. तिने कळशी तिथेच ठेवली, पदर खोचला आणि तडक राजवाड्याची वाट धरली.

राज्यावर आभाळ निरभ्र होते. राजवाड्यावर मात्र म्हशीएवढा एक राखी ढग बसून होता आणि तो रात्रंदिवस बरसत होता. सभेत राजा उदयकीर्ती छत्री उघडून सिंहासनावर बसला होता. राणीने मुदपाकखान्यातली झाडून सगळी पातेली गळतीखाली मांडली होती. राज्यकारभार चालला होता. फक्त कोणाला कोणाचे ऐकू येत नव्हते.

येसूने अंगणातून वर पाहिले. छपराच्या आढ्यावर एक पारवा भिजत बसला होता.

"येसू," पारवा म्हणाला, "कासारणीचं ऐकून आलीस ना?"

वीस वर्षे शिडीच्या पायथ्याशी उभे राहून जो आवाज ऐकला, तो तिने ओळखला.

"अहो, तुम्ही?"

"मीच. पन्हळ तुंबली होती, म्हणून हात घातला. हाताला घडा लागला, आणि हाताचा पंख झाला. मागच्या झोपडीतल्या धूम्रनाथाचा शाप आहे. आजपासून तिसऱ्या दिवशी मध्यान्ह टळली की माझी वाचा जाईल. मग जन्मभर नुसतं घुमायचं."

येसूला रडू आले. तीन दिवसांत रडायला सवड नाही, हेही त्याच क्षणी तिच्या ध्यानात आले. ती राजवाड्याच्या मागे गेली.

धूम्रनाथ हा मोठा मांत्रिक. पण त्याच्या झोपडीची भिंत शेवाळाने हिरवीगार होऊन पोटुशी बाईसारखी पुढे आली होती. त्याने खाट विटांवर चढवली होती आणि पोथ्या दोरीवर वाळत घातल्या होत्या.

"तीन पिढ्या राजवाड्याचं पाणी माझ्या भिंतीवर पडतं," तो म्हणाला. "तीन राजांना सांगितलं. तिघांनी मान डोलावली. मग मी पाऊसच त्यांच्या घरात पाठवला. राजाच्या आज्यानं भावांपासून लपवून घडा पन्हळीत कोंबला, आणि तेव्हापासून पाणी जास्तच उसळतं. म्हणून घड्यालाही शाप दिला."

"यात माझ्या नवऱ्याचा काय दोष, बाबा?"

"हात त्याचा लागला."

"मग शाप परत घ्या."

"दिलेला शाप माझ्याही हातात राहत नाही, बाई. तीन कामं झाली तरच तो सुटतो. एक, राजवाडा कुठं गळतो ते दाखव. दोन, घड्याला हात न लावता पन्हळ मोकळी कर. तीन, छप्पर असं घाल, की ढग फुटला तरी माझी भिंत कोरडी राहील."

"दाखवते," येसू म्हणाली, आणि निघाली.

पहिल्या दिवशी दिवाण त्र्यंबकराव तिला सभेत घेऊन गेले. "गळतं ते इथं, सिंहासनावर," ते म्हणाले. "त्यात शोधायचं काय? आंधळ्यालाही कळेल. तो भिजेलच!"

"दिवाणजी, पाणी पडतं ते इथं. शिरतं कुठं ते बघायचंय."

भर दुपारी तिने सगळी दारे-खिडक्या लावून घेतल्या. अंधारात छपरातून उजेडाचे ठिपके दिसू लागले, पण सिंहासनाच्या वर एकही नव्हता. मग ती माळ्यावर चढली. ओल्या वाशावरून बोट फिरवीत पुढे, अजून पुढे सरकली. पाणी वाशाला धरून बारा हात लांबून येत होते. आढ्याखाली तांदळाएवढी फट होती. येसूने तीतून झाडूची काडी बाहेर काढली.

"दिसली!" बाहेरून पारवा ओरडला, आणि ढगाचा एक कोपरा विरून गेला.

येसू मात्र तिथेच थबकली. कौलांच्या ओळी तिने आतून नीट निरखल्या. वरच्या कौलाची कड खालच्या कौलावर यावी, तर इथे खालचे कौल वरच्यावर चढले होते. पाण्याला आत यायला पायऱ्याच केल्या होत्या.

ती बाहेर आली. "अहो, ही कौलं कुणी घातली?"

पारव्याने मान पिसांत घातली. "मी."

"अशी उलटी?"

"दिवाणजी म्हणाले, राजाचं घर मस्तकाकडून शाकारायचं. वळचणीपासून सुरुवात म्हणजे पायापासून सुरुवात, तो राजाचा अपमान. म्हणून आढ्यापासून खाली घालत आलो."

"आणि तुम्ही काही बोलला नाहीत."

"नाही बोललो."

"आता पारवा होऊन बोलताय!" असे म्हणून येसू पाठ फिरवून घरी गेली, पण पहाटे सर्वांत आधी तीच शिडीवर होती.

दुसरा दिवस पन्हळीचा. तांब्याची लांबलचक पन्हळ पालापाचोळ्याने गळ्यापर्यंत भरली होती आणि मधोमध घडा चमकत होता. चिमट्याने ओढला तर चिमट्याला चोच फुटली आणि तो उडून गेला. कुदळ लावली तर कुदळीलाही पंख आले. येसूने हत्यारे बाजूला ठेवली आणि तांब्याभर पाणी पन्हळीत ओतून पाहिले. पाणी हळूच मांत्रिकाच्या झोपडीकडे निघाले. पन्हळीचा उतारच शेजाऱ्याच्या अंगावर होता.

तिने दुसऱ्या, राजवाड्याच्या तलावाकडच्या टोकाचे आकडे सोडले आणि ते टोक हातभर खाली बांधले. मग भिश्तींना वरून पखाली रिकाम्या करायला सांगितले. पाला निघाला, चिखल निघाला, आणि शेवटी घडा घरंगळत जाऊन तलावात धबकन पडला. दिवाण धावत गेले.

"हात लावू नका," येसू म्हणाली. "तुम्हाला पंख शोभायचे नाहीत."

तिसऱ्या दिवशी सूर्य उगवताच येसू सभेत उभी राहिली. "महाराज, छप्पर सगळं उतरवावं लागेल. आणि घालायला सुरुवात वळचणीपासून."

"अशक्य!" दिवाण म्हणाले. "मस्तकापासून शाकारणी ही घराण्याची रीत आहे."

राजाच्या नाकावर एक थेंब पडला. तो त्याने पुसला. "दिवाणजी, तुमची रीत कोरडी आहे. भिजतोय मी. बाई, पहिलं कौल कुठं लागतं?"

"सगळ्यांत खाली, महाराज."

"ते मी देतो."

त्या राज्यात शाकारणीला आळीच्या आळी मदतीला यायची. येसूने हाक दिली आणि सगळे आले. अनसूया कासारीण तर सर्वांत पुढे, कारण जवळून बघायला मिळणार होते. हातोहात कौले चढू लागली. येसू प्रत्येक कौलावर बोटाने टिचकी मारी. खणखणले तर घेई, बद्द वाजले तर खाली ठेवी. कुजका वासा दिसला की थांबून तो बदली.

"अगं, चालेल तो एखादा, सूर्य माथ्यावर आलाय," अनसूया म्हणाली.

"नाही चालायचा," येसू म्हणाली, आणि तो वासाही बदलला.

मध्यान्हीला आढ्यावरचे शेवटचे कौल बसले, आणि ढग फुटला. तीन पिढ्यांचे पाणी एकदम कोसळले. कौलांवरून वळचणीला आले, वळचणीवरून पन्हळीत, पन्हळीतून तलावात. धूम्रनाथाने बाहेर येऊन भिंतीवर तळहात टेकला, पाहिला. तळहात कोरडा होता. आढ्यावरच्या पारव्याने पंख पसरले, आणि पंखांचे हात झाले. उडालेला चिमटा आणि कुदळ अंगणात खणाखण येऊन पडली. आभाळ स्वच्छ झाले, राजाने छत्री मिटली, आणि कित्येक दिवसांनी राणीला आमटी करायला पातेले मिळाले.

तलावातून घडा वर काढला. सोन्याचा फक्त मुलामा होता, आणि आत कुजका पाला.

शिडीखाली बायकांचा घोळका जमला होता. "म्हणजे राघोजीनं घडा चोरलाच नव्हता?" अनसूयेने विचारले. "मी म्हणतच होते!"

"तुम्ही काय म्हणत होतात ते ऐकलंय मी, अनसाबाई," येसू म्हणाली. "हात लावला, हे खरं. पारवा झाले, तेही खरं. चोरी केली नाही. आणि कौलं उलटी आहेत हे ठाऊक असून गप्प बसले, ते तुम्हाला माहीत नव्हतं, तर तेही आता पुरतं सांगा."

राघोजी शिडीवर अर्ध्यात थांबला. सगळ्या बायका त्याच्याकडे बघत होत्या, दिवाणही बघत होते.

"खरं आहे," तो मोठ्याने म्हणाला, आणि उरलेल्या पायऱ्या उतरला.