नांगी टाकणारी माशी

एका राज्यात माणसांपेक्षा माश्या फार. हंसकेतू तिथला राजा. त्याचा पुत्र उदयभान याने एक घोयरा पाळला होता, घटकेत हिरवा, घटकेत पिवळा होणारा सरडा. एके दिवशी घोयऱ्याने लांब जीभ टाकून राज्यातल्या एका मांत्रिकाची लाडकी माशी गिळली. मांत्रिक कोपला. त्याच्या शापाने घोयरा राखेच्या रंगाचा झाला आणि राजपुत्राचा दगड झाला.

मांत्रिक म्हणाला, "या घोयऱ्याला तीन माश्या चारा. पहिलीची नांगी पाखराने काढावी, दुसरीची माणसाने. तिसरीने आपण होऊन नांगी टाकावी. तिसऱ्या दिवशी सूर्य मावळेपर्यंत हे झाले नाही, तर दगड दगडच राहील."

घोयऱ्याला चारा घालणारी भिवरा हिनेच उदयभानाला अंगाखांद्यावर वाढवले होते. ती वेड्या राघूकडे, उडत्या माश्या टिपणाऱ्या पाखराकडे, गेली. राघूने कुंभारीण माशी धरली, फांदीवर घासून तिची नांगी काढली आणि म्हणाला, "घे बाई. वेडा मी नावाचाच." दुसऱ्या दिवशी भिवराने गांधीलमाशी चिमट्यात धरून अडकित्त्याने तिची नांगी छाटली. घोयऱ्याने दोन्ही खाल्ल्या, पण रंग आला नाही.

नांगी टाकणे म्हणजे शरण येणे, असे राजाने धरले. तिसऱ्या दिवशी त्याने आग्या मोहोळावर सैन्य धाडले. सेनापती परतला तेव्हा त्याचे डोळे सुजून मिटले होते. शरण कोण आले, हे त्याला कुणी विचारले नाही.

सूर्य कलला. भिवरा राजाला म्हणाली, "महाराज, माश्या शरण येत नाहीत. पण मधाची माशी डसली की नांगी जखमेतच टाकून जाते. गांधीलमाशी तसे करत नाही."

"मग डसवून कोण घेणार?"

भिवराने मोहोळाखालून एक आग्यामाशी मुठीत धरून आणली होती. तिने मूठ आवळली. डोळ्यांत पाणी आले, पण हात हलला नाही. मग तिने मूठ उघडली. नांगी तळव्यात रुतलेली, माशी मोकळी. घोयऱ्याची जीभ लपकन आली आणि गेली.

आधी त्याची शेपटी हिरवी झाली, मग पाठ. दगडाने श्वास घेतला.

"भिवरामावशी," उदयभान म्हणाला, "हात का सुजलाय?"

"तुझ्या सरड्याला जेवू घातलं, बाळा," ती म्हणाली आणि मटकन खाली बसली.

राजाने आपल्या हाताने तिच्या तळव्याला चुना लावला. तीन दिवसांनी सूज उतरली, सेनापतीचीही. घोयरा पुन्हा घटकेत हिरवा, घटकेत पिवळा होऊ लागला आणि राज्य सुखाने झोपले.