खंडेनवमीची एक ओळ

बाणेरच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत मालक भालेराव म्हणतील ती पूर्व दिशा. गिऱ्हाइकाच्या मशीनवर सॉफ्टवेअर बसवणारी स्क्रिप्ट पायथॉन या प्रोग्रामिंगच्या भाषेतच लिहायची, असा त्यांचा हुकूम सुटला.

ती लिहिणारी प्रोग्रामर शाल्मली म्हणाली, "सर, शेलमध्ये लिहू या. ती भाषा आपल्या गिऱ्हाइकांच्या प्रत्येक मशीनवर आधीपासूनच असते, पायथॉन वेगळं बसवावं लागतं."

"शेल? ती अडाण्यांची भाषा! माझ्या कंपनीत तिचं एक अक्षर चालणार नाही."

शाल्मलीने पायथॉनमध्ये स्क्रिप्ट लिहून दिली.

खंडेनवमीला नव्याकोऱ्या मशीनला झेंडूचा हार चढला, नारळ फुटला आणि सॉफ्टवेअर बसवण्याचा पहिला मान साहेबांना मिळाला. त्यांनी ऐटीत बटण दाबलं. पडद्यावर उमटलं : पायथॉन सापडत नाही.

"हात्तिच्या!" म्हणत साहेबांनी खाडखाड एक ओळ टाइप केली आणि पायथॉन बसवून दाखवलं. "गिऱ्हाइकाने आधी एवढी ओळ लिहायची, बस्स!"

"लिहील की," खोबऱ्याचा तुकडा पुढे करत शाल्मली म्हणाली. "फक्त ही ओळ कुठल्या भाषेतली असं त्याने विचारलं, तर काय सांगू?"

साहेबांनी पडद्याकडे पाहिलं. ओळ शेलमधली होती.

ते खो खो हसले आणि खोबरं तोंडात टाकत म्हणाले, "सांग, आमच्याकडच्या सगळ्यात मोठ्या अडाण्याने लिहिलीय. आणि उद्यापासून स्क्रिप्टही त्याच भाषेत लिही!"