धरणी आणि सुटलेली घडी

घडी सुटलेल्याला शिवायचं नाही, आणि का म्हणून विचारायचं नाही. दह्याच्या कवडीत राहणाऱ्या एका जिवाणूच्या घरात हा नियम फार जुना होता. तिथली सगळी प्रथिनं आपापल्या घडीत, म्हणजे ठरलेल्या आकारात दुमडून, कामं करायची. घडी बसवून द्यायचे ते थोरले घडीकाका. धाकट्या धरणीला घडी घालता येत नसे, नुसतं धरता येई, म्हणून तिला कुणी जमेस धरत नसे.

एकदा विरजण लावायची घाई झाली आणि तापलेलं दूध कोमट व्हायच्या आत कुणीतरी कवडी त्यात टाकली. घर तापलं. दुधातली साखर फोडणाऱ्या आंबोजीची घडी भसकन सुटली.

"धरणे, मागे हो!" घडीकाका ओरडले. "चिकट झालाय तो. शिवशील तर तुझाही गोळा होईल!"

धरणीने आपल्यासारख्याच धरणाऱ्या बहिणींना हाक मारली आणि सगळ्यांनी मिळून आंबोजीला कवेत घेतलं.

"घडी घालता येते का तुला?"

"नाही, पण दूध निवेपर्यंत धरता येतं. माणसाच्या डोळ्याच्या भिंगात माझ्या नात्यातल्या बहिणी जन्मभर हेच करतात, म्हणून त्याला स्वच्छ दिसतं."

"सोड म्हणतो ना!"

"नाही सोडणार. निवल्यावर घडी तुम्हीच घाला, काका. पण तोवर तो उरायला नको?"

काकांनी तोंड उघडलं, तेवढ्यात त्यांची नजर खाली गेली. त्यांचीही एक कड उलगडली होती, आणि धरणीच्या सगळ्यांत लहान बहिणीने ती घट्ट धरली होती.

काकांनी ती कड तिच्या हातात तशीच राहू दिली.